सरासरीच्या आकड्यात वावर दिसत नाही

राजेहो, आजकाल मोबाइलवर वावराचा हिरवा-पिवळा नकाशा येते आणि खाली एक आकडा: एनडीव्हीआय 0.60. आकडा बरा दिसला की आपण खुश. माझं मत सांगतो. या एकट्या आकड्यावर खताचा पैसा लावू नये, अन् विम्याचा निर्णय तर होऊच नये.

हिरवं पान लाल उजेड पिऊन टाकते आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त उजेड परत फेकते. या दोघांच्या फरकाला त्यांच्या बेरजेनं भागलं की एनडीव्हीआय निघते. सेंटिनेल-2 उपग्रहाचा एक चौकोन 10 बाय 10 मीटरचा. म्हणजे एकरात साधारण 40 चौकोन.

आता हिशेब करा. समजा, एका एकरात सगळे चौकोन 0.60 च्या आसपास. दुसऱ्या एकरात 20 चौकोन 0.80 चे आणि 20 चौकोन 0.40 चे. सरासरी दोघांची 0.60! पण पहिलं वावर एकसारखं आहे, दुसऱ्यात अर्धं सोयाबीन पाणी साचून पिवळं पडलं असू शकते. तिथं युरिया फेकून काय होणार? आधी चर काढा.

म्हणून सरासरीसोबत विचारा: सगळ्यात कमी किती, सगळ्यात जास्त किती, कोणत्या आकड्यात किती चौकोन, आणि ते कुठं? धुऱ्यावरचे चौकोन सोडा, त्यात निंबाचा, बाभळीचा हिरवेपणा मिसळते. ढगाची सावली पडली असंल तर ती तारीखच सोडा. आणि तणही उपग्रहाला हिरवंच दिसते, म्हणून कमी-जास्त जागेवर स्वतः जाऊन उभं राहा.

विम्यातही हाच घोळ मोठा होते. पीक विम्यात 2023 पासून भात-गव्हाला आणि 2024 च्या खरिपापासून सोयाबीनला तंत्रज्ञानानं काढलेल्या उत्पादन अंदाजाला किमान 30 टक्के वजन द्यायचं ठरलं. आपल्याकडं हिशेब महसूल मंडळाचा. नाल्याकाठची दहा वावरं बुडाली आणि बरड्यावरची तरली, तर मंडळाची सरासरी ठीकच दिसंल.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. पण मंडळाचा आकडा जाहीर करताना त्यातलं किती क्षेत्र कमी, किती मध्यम, किती चांगलं, हेही गावात लावा. चित्रात ते आहेच, फक्त मोजून सांगायचं आहे.

— जरीपटका, नागपूर