देवमाणूस नको, दवाखाना पाहिजे

खाणगावातला डॉक्टर म्हटला की आपल्या कथालेखकांना हुंदका फुटतो. हातात बॅग, पायाला चिखल, फी माफ. गरिबांचा देव! आणि पेशंट? तो मुका, हात जोडून उभा. दोस्तांनो, ही गोष्ट थुंकून टाका. देव मेला की उरतो त्याचा पुतळा आणि आपला खोकला.

छत्तीसगडात दल्ली-राजहरा आहे. तिथल्या लोखंडी दगडावर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. दगड फोडणारे कंत्राटी मजूर, त्यात आदिवासी पुष्कळ. 1977 साली शंकर गुहा नियोगींबरोबर त्यांनी स्वतःची युनियन काढली. त्याच साली 2-3 जूनला पोलिसांनी गोळ्या घातल्या, 11 माणसं मेली. युनियनची पुढारी कुसुमबाई बाळंतपणात गेली. नीट उपचार मिळाले असते तर जगली असती, असं कामगार म्हणत.

मग ते रडत बसले का? त्यांनी वर्गणी काढली, घमेली उचलली आणि 3 जून 1983 ला शहीद हॉस्पिटल उघडलं. कुठल्या शेटजीच्या आईचं नाव दारावर नाही, गोळी खाल्लेल्यांचं आहे. बिनायक सेन, आशिष कुंडू, शैबाल जाना असे शिकलेले डॉक्टर तिथं आले ते कामगारांचे सोबती म्हणून. त्यांच्याकडून कामगारांनीच मलमपट्टी शिकून घेतली. हगवणीला घरच्या घरी मीठ-साखरेचं पाणी द्यायचं, उगाच सुई टोचून घ्यायची नाही, हे वस्तीवस्तीत सांगितलं. दारूविरुद्ध तर युनियनच उठली.

आता सत्तेचा हिशेब बघा. नियोगींना 28 सप्टेंबर 1991 ला झोपेत गोळी घातली. सेनना 2007 मध्ये अटक, 2010 मध्ये राजद्रोहाखाली जन्मठेप. 2011 मध्ये सुप्रीम कोर्टानं जामिनावर सोडलं. जानांना 2016 मध्ये उचललं, खटला 1992 चा! गोळ्या फुकट वाटणाऱ्या डॉक्टरला हार मिळतात. मजुराच्या बाजूनं उभा राहिला की बेडी.

मी गोदीत पोती वाहतो. छातीत धूळ आमच्याही आहे. आमच्या वस्तीत सेवाभावी शिबिराची गाडी येते, फोटो काढते, जाते. सहा महिने पुन्हा पत्ता नाही. आपण मात्र रांग लावतो, वर थँक्यू म्हणतो. च्यायला, दगडफोड्यांनी पोटाला चिमटा घेऊन हॉस्पिटल बांधलं. आपल्याला निदान एक खोली, एक रजिस्टर आणि आपल्यातल्याच चार शिकाऊ पोरी उभ्या करता येत नाहीत?