फारकतीचा कागद

गेल्या महिन्यात पनवेलमधील एक भगिनी आईला घेऊन आमच्याकडे आली. हातात स्टँप पेपर. 'आम्हा उभयतांची राजीखुशीने फारकत झाली असून एकमेकांवर कोणताही हक्क राहिलेला नाही,' असा मजकूर, चार पंचांच्या सह्या, नोटरीचा शिक्का. नवऱ्याने दुसरे लग्न ठरवलेले. तिने विचारले, "दादा, मी आता मोकळी झाले ना?"

आम्ही पडलो कारकून. आधी शब्द पाहतो. फारकत म्हणजे मूळचे फारखत. फारिग म्हणजे मोकळा, खत म्हणजे लेख. देणे फिटले की सावकार कुळाला फारखत लिहून देई. पुढे हाच शब्द नवरा-बायकोच्या वेगळे होण्याला लागला. काडीमोडीत नुसती काडी मोडते. फारखतीत हिशेब मिटावा लागतो. या कागदात पोटगी नाही, स्त्रीधन नाही, लेकराचा खर्च नाही. मग ही फारकत कसली?

कायदाही तेच सांगतो. 1955 चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. नोटरीच्या शिक्क्याने घटस्फोट होत नाही. जातीच्या रूढीने झालेला घटस्फोट कलम 29 (2) मानते, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. बंधूंनो, 1956 साली आपण जात सोडली. आता बायको सोडताना जातपंचायतीची रूढी कोणत्या तोंडाने मागायची? हिंदू कोड बिल रखडले म्हणून 1951 साली मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांची आपण लेकरे.

दोघे राजी असतील तर कलम 13-ब आहे. वर्षभर वेगळे राहिल्यावर एकत्र अर्ज करता येतो. पुढची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणी कोर्ट माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली सांगितले. पोटगीसाठी पूर्वीचे कलम 125 आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 झाले आहे. स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो.

त्या भगिनीला आम्ही म्हणालो, "ताई, तू अजून त्याची कायदेशीर पत्नी आहेस. तू जिवंत असताना, घटस्फोटाशिवाय त्याने दुसरे लग्न केले तर तो गुन्हा आहे." ती कितीतरी वेळ कागदाकडेच बघत राहिली.

एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका कागदावर साक्षीदार म्हणून आम्हीही सही केली होती. भांडण मिटवले, असे तेव्हा वाटले होते. त्या बाईचे पुढे काय झाले, हे विचारायलाही आम्ही गेलो नाही. म्हणून कार्यकर्त्यांना हात जोडून विनंती : समोर असा कागद आला तर पेन खिशातच ठेवा आणि त्या बाईबरोबर कोर्टाची पायरी चढा.