सरड्याची धाव आणि तापते पठार

सोलापूरकराला उन्हाचे भय कोणी घालू नये. पारा 43 अंशांवर गेला, तरी आपण माठातील पाण्यावर आणि पंख्याच्या वाऱ्यावर निभावून नेतो. माळरानावरील सरड्याला ती सोय नाही. त्याच्या देहाचे तापमान भोवतालच्या उष्णतेवर ठरते. ऊन असह्य झाले की दगडाच्या सावलीत शिरणे, एवढाच त्याचा उपाय. परंतु सावलीत गेलेले तास म्हणजे भक्ष्यावाचून गेलेले तास! विणीच्या काळात असे तास वाढले, तर मादीला अंड्यांपुरते बळ साठविता येत नाही. मेक्सिकोतील 200 ठिकाणांपैकी 12 टक्के ठिकाणांहून सरडे नाहीसे झाल्याचे 2010 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा अभ्यासकांनी हेच कारण दिले होते.

आपल्याकडे अधिक चिंता वाटावी असा सरडा साताऱ्याजवळ आहे. सज्जनगड, ठोसेघर ओलांडले की चाळकेवाडीचे पठार लागते. तेथील 'सरडा सुपर्बा' या जातीची शास्त्राने 2016 मध्ये नोंद केली आणि तिच्या प्रजातीला चक्क आपला मराठी शब्दच नाव म्हणून दिला. पावसाळ्यापूर्वी नर दगडावर चढून गळ्याचा निळा, काळा, नारिंगी पंखा उघडतो. पठार तापले, तर या जिवाने जावे कोठे? त्याहून उंच, थंड जागा जवळ नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ती अशी.

त्याच पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांना 2018 मध्ये असे आढळले की, पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी आहेत. त्यामुळे सरडे वाढले खरे, पण कृश आणि फिक्या रंगाचे. स्वच्छ वीज हवीच; तिच्यासाठी जागा निवडताना मात्र तेथे आधीपासून कोण राहते, हे विचारले पाहिजे.

वृक्षारोपणाचेही तेच. 2019 मध्ये राज्याने 33 कोटी वृक्षांचा संकल्प केला. संकल्प उदात्त, यात शंका नाही. परंतु ज्याला सरकारी दप्तर 'पडीक' म्हणते, तो गवताळ माळ ओसाड नसतो. नान्नजचे अभयारण्य 1979 मध्ये अशाच माळावर, माळढोकासाठी झाले. आज तेथे त्याचे दर्शन दुर्मीळ आहे. दाट झाडी वाढली की माळाचे गवत हटते आणि उघड्यावर जगणाऱ्या जिवांचे घरही. तेव्हा येत्या पावसाळ्यात रोपे घेऊन निघणाऱ्या कार्यकर्त्यांनी गावाची वेस, शाळेचे आवार, रस्त्याच्या कडा निवडाव्यात आणि गवताचा माळ गवतालाच राहू द्यावा.