शिस्तीचे गोडवे

"हिटलर वाईटच, पण पोरांना शिस्त मात्र लावली हो त्यानं!" हे वाक्य मी वाचनालयाच्या कट्ट्यावर ऐकले आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकले आहे आणि एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या तोंडूनही ऐकले आहे. दर वेळी गप्प बसलो. मी स्वतः एकवीस वर्षे शाळेत कवायत घेतली. शिट्टीचे मला वावडे नाही. म्हणूनच आता बोलतो.

१९३२ च्या अखेरीस 'हिटलर युथ'मध्ये जेमतेम लाखभर मुले होती. चारच वर्षांत ती पन्नास लाखांवर गेली. शिस्तीची एकाएकी गोडी लागली म्हणून? छे! मधल्या काळात इतर युवक संघटना बंद केल्या किंवा गिळून टाकल्या. डिसेंबर १९३६ मध्ये कायदा झाला, मार्च १९३९ मध्ये उघड सक्ती. पोराला दुसरे दारच उरले नाही. मुसोलिनीने हा धडा आधीच घालून दिला होता. १९२६ मध्ये 'बालिल्ला' काढली आणि दोनेक वर्षांत स्काउटांना टाळे ठोकले. गंमत अशी, की ज्याचे नाव संघटनेला दिले तो जेनोआचा पोरगा १७४६ मध्ये ऑस्ट्रियन सैनिकांवर दगड भिरकावल्याबद्दल प्रसिद्ध! म्हणजे बेशिस्तीबद्दलच.

तंबू, ढोल, शेकोटी, कमरेला खंजीर. दहा वर्षांच्या पोराला हे आवडणारच; त्याला मी दोष देत नाही. पण जून १९४४ मध्ये नॉर्मंडीत याच संघटनेच्या नावाची एसएस डिव्हिजन उतरली. बहुतेक सैनिक सतरा-अठरा वर्षांचे. तिच्या लोकांनी शरण आलेल्या कॅनेडियन कैद्यांना गोळ्या घातल्या.

याच 'हिटलर युथ'मध्ये हॅम्बुर्गचा हेल्मुट ह्यूबेनरही होता. तो चोरून बीबीसीच्या बातम्या ऐके, त्या टाइप करून पत्रके वाटी. २७ ऑक्टोबर १९४२ रोजी बर्लिनच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला. वय सतरा. मुख्याध्यापक महाशय, आपण याच्या प्रगतिपुस्तकात वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहिले असते?

आणि या पोरांचा म्होरक्या बाल्डूर फॉन शिराख? न्यूरेंबर्गला त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली ती व्हिएन्नाच्या ज्यूंना हद्दपार केल्याबद्दल, पोरांबद्दल नव्हे. १९६६ मध्ये सुटला, आठवणी लिहिल्या आणि १९७४ मध्ये सदुसष्टाव्या वर्षी वारला.