आवडतं म्हणजे आवडतं!

"तुला हे खरंच आवडतं, की आपलं गंमत म्हणून?"

गेल्या तीन सेमिस्टरमध्ये हा प्रश्न मला मेसमध्ये, लॅबमध्ये, अगदी वॉर्डन मॅडमच्या केबिनबाहेर इतक्या वेळा विचारला गेलाय की शेवटी म्हटलं, एकदाच मॅगझिनमध्ये उत्तर छापून टाकू. प्रश्न आहे 'द डार्कनेस' या ब्रिटिश रॉक बँडबद्दल. आणि उत्तर आहे, खरंच आवडतं! त्यात गंमत आहे म्हणून तर आवडतंच, पण 'गंमत म्हणून' आवडत नाही. या दोन वाक्यांत केवढा फरक आहे तेच मला सांगायचंय. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी मराठी विभागाच्या संपादकांनी घेतलेली आहे. तक्रारी तिकडे!)

आधी ओळख करून देते. इंग्लंडच्या अगदी पूर्व टोकाला, समुद्रकाठी, लोस्टॉफ्ट नावाचं गाव आहे. एके काळी मासेमारीवर चालणारं, नंतर त्या धंद्याला उतरती कळा लागलेलं. तिथे वाढलेले दोन सख्खे भाऊ, जस्टिन आणि डॅन हॉकिन्स. त्यांनी २००० साली फ्रँकी पुलेन आणि एड ग्रॅहम यांना घेऊन हा बँड काढला. जस्टिन गाणार, डॅन गिटार, फ्रँकी बेस, एड ड्रम्स.

आता डोळ्यांसमोर आणा. जस्टिन स्टेजवर येतो तो सर्कशीतल्या झोकेवाल्यासारखा, अंगाला घट्ट बसणारा चमचमता कॅटसूट घालून, छाती उघडी. गाता गाता मध्येच ड्रम्ससमोर हातांवर उलटा उभा राहतो आणि टाळ्या वाजवतो. पायांनी! शेजारी फ्रँकी, झुपकेदार मिशा, कपाळाला पट्टी आणि चेहऱ्यावर महिनाअखेरच्या कॅशियरसारखा भाव. आणि जस्टिनचा आवाज? फॉल्सेटो. म्हणजे पुरुषाने आपला नेहमीचा आवाज सोडून, त्याच्या वरच्या मजल्यावर जाऊन बारीक सुरात गायचं. तो वरच्या मजल्यावर थांबत नाही, थेट गच्चीवर जातो.

हा सगळा थाट 'ग्लॅम रॉक'चा. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये टी. रेक्स, डेव्हिड बोवी, स्लेड या मंडळींनी चमकी, मेकअप आणि उंच टाचांचे बूट घालून गाण्याचं नाटक करून टाकलं होतं. पुढे ती फॅशन गेली. २००० च्या आसपास रॉकवाला म्हटलं की मान खाली, चुरगळलेला टी-शर्ट आणि जगाचं दुःख, असा साधारण रिवाज होता. त्यात ही वरात आली! कित्येकांना वाटलं की ही चेष्टा चाललीय. पण जुलै २००३ मध्ये त्यांचा पहिला अल्बम 'परमिशन टू लँड' आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेला. २००४ च्या ब्रिट अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम ब्रिटिश ग्रुप, सर्वोत्तम रॉक आणि सर्वोत्तम अल्बम, तिन्ही यांनाच.

इथे माझे मित्र म्हणतात, "अगं पण ती पॅरडी आहे ना?" नाही रे बाबा. पॅरडी पाहायची असेल तर १९८४ चा 'धिस इज स्पायनल टॅप' हा सिनेमा पहा. त्यात एका खोट्या बँडच्या निमित्ताने रॉकवाल्यांची मस्त टर उडवलीय. पॅरडी करणारा बाहेर उभा राहून बोट दाखवतो. डार्कनेसवाले आत उभे आहेत. त्यांना गिटारचे लांबलचक सोलो, ते उंच सूर, ते कॅटसूट मनापासून आवडतात, आणि हे सगळं हास्यास्पद आहे हेही त्यांना पूर्ण ठाऊक आहे. दोन्ही एकाच वेळी. आपण आपल्या आजोबांच्या सवयींवर हसतो ना, तसं. त्यात आजोबांवरचं प्रेम कमी होत नाही.

दुसरं म्हणजे कौशल्य. जोक सांगणाऱ्याचं टायमिंग चुकलं की जोक पडतो. कॅटसूट घालून सूर चुकला असता तर लोकांनी एकदाच हसून टीव्ही बंद केला असता. पण 'आय बिलीव्ह इन अ थिंग कॉल्ड लव्ह' ऐका. कपडे बघून हसू येतं, आणि तो वरचा सूर लागला की तेच हसू अर्ध्यावर थांबतं. दोन भावांच्या गिटारी एकमेकींत अशा बसतात की वर्कशॉपच्या फिटिंगच्या जॉबला आमचे इन्स्ट्रक्टर मागतात तेवढाच टॉलरन्स!

तिसरं, ही गाणी कशावर आहेत ते बघा. अल्बममधलं पहिलंच गाणं 'ब्लॅक शक'. हे त्यांच्या सफोक भागातल्या दंतकथेतलं काळं भुताळी कुत्रं. १५७७ साली ते ब्लायबर्गच्या चर्चमध्ये घुसलं होतं, अशी कथा तिथे आजही सांगतात. म्हणजे कोकणातल्या पोरांनी बँड काढावा आणि पहिलं गाणं गावच्या वेताळावर करावं, तसंच हे. 'स्टक इन अ रट' हे गाणं लहान गावात अडकून पडलेल्या आणि तिथून सुटायची धडपड करणाऱ्या मुलाचं आहे. त्यात तिथल्या रस्त्यांची नावंसुद्धा आहेत. आपल्या हॉस्टेलमध्ये निम्मी जनता तालुक्याच्या गावाहून आलेली. त्यांना हे गाणं समजावून सांगायची गरज नाही.

आणि त्यांचं २००३ चं ख्रिसमसचं गाणं! मी शाळेत दर डिसेंबरला क्वायरमध्ये कॅरल्स गायलेली मुलगी, त्यामुळे हे माझं खास. गाण्याच्या नावातच एक चावट श्लेष लपवलेला आहे. अर्थ इथे छापता येणार नाही, सर-मॅडम वाचतायत. पण दादा कोंडके असते तर त्यांनी पाठ थोपटली असती. वर कोरस म्हणायला चक्क एका शाळेतली मुलं. आणि या सगळ्या दंग्याच्या खाली गोष्ट काय, तर आवडतं माणूस ख्रिसमसला भेटतं, सण संपला की जाणार, म्हणून सण संपूच नये. दिवाळीला घरी जाऊन चार दिवसांत जर्नल पूर्ण करायला परत येणाऱ्या कुणालाही विचारा, हे गाणं विनोदी आहे का म्हणून. त्या वर्षी ते दुसऱ्या नंबरवर राहिलं. पहिलं आलं 'मॅड वर्ल्ड', एक शांत आणि उदास गाणं. एकांकिका स्पर्धांमध्येही असंच होतं ना? टाळ्या विनोदीला, करंडक गंभीरला.

आता जरा कडू भाग. २००५ मध्ये दुसरा अल्बम आला तो अकराव्या नंबरपर्यंतच पोचला. त्याआधीच फ्रँकी बाहेर पडला होता. २००६ मध्ये दारू आणि कोकेनच्या व्यसनामुळे जस्टिनला उपचार घ्यावे लागले, त्याने बँड सोडला आणि भावाभावांचे दोन वेगळे बँड झाले. जोक संपला, असं म्हणायला लोक मोकळे! पहिल्या अल्बममधलं 'गिव्हिन अप' हे उड्या मारत गायलेलं गाणं हेरॉइनच्या व्यसनावर आहे हे तेव्हा किती जणांनी नीट ऐकलं असेल? हसवणाऱ्या माणसाचं हे असं असतं. तो खरं बोलला तरी लोक दाद देऊन पुढे जातात. विनोद ही ढाल होऊ शकते हा माझ्या मैत्रिणीचा मुद्दा म्हणून मला मान्य आहे. पण तो दोष नीट न ऐकणाऱ्यांचाही आहे.

आणि म्हणूनच पुढचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. २०११ मध्ये मूळचे चौघेही परत एकत्र आले, आणि ऐकणारे तिथेच होते. नुसता जोक आवडला असता तर पाच वर्षं कोण थांबलं असतं? ऐकलेल्या जोकवर दुसऱ्यांदाही कुणी हसत नाही. त्यानंतर त्यांनी अल्बम काढतच नेले, २०२५ मध्ये आठवा आला, 'ड्रीम्स ऑन टोस्ट'. त्यांच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ बघा. तो वरचा सूर गर्दीतल्या कुणालाच लागत नाही, तरी सगळे लावतात. फाटक्या आवाजात, हात वर करून. याला मी प्रेम म्हणते.

एक आपल्याकडचा धागाही सांगते. त्यांचा दुसरा अल्बम ज्याने केला तो रॉय थॉमस बेकर, म्हणजे 'क्वीन' बँडच्या 'बोहिमियन रॅप्सडी'चा एक निर्माता. आणि २०१५ पासून डार्कनेसचे ड्रम्स वाजवतो रूफस टेलर, क्वीनच्या रॉजर टेलरचा मुलगा. त्या क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी शिकला कुठे? पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये! तिथल्या बोर्डिंगमध्ये असतानाच तो 'द हेक्टिक्स' नावाच्या शाळेच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. भपका, नाटक आणि खरा गळा एकत्र नांदू शकतात हे दाखवणारा माणूस आपल्या सातारा जिल्ह्यातल्या एका हॉस्टेलचाच पोरगा होता.

तर मुद्दा असा. आपल्या कॉलेजमध्ये काहीही आवडलं तर आधी 'टाईमपास' असा शिक्का मारायची पद्धत आहे. कविता लिहिली? टाईमपास. लावणी शिकलास? गंमत म्हणून. कारण मनापासून म्हटलं की कॉरिडॉरभर खेचतात, पार व्हायवापर्यंत. त्यामुळे दर वर्षी गॅदरिंगला तीच आठ-दहा नावं, आणि बाकी सगळे शेवटच्या रांगेत शिट्ट्या मारायला. लोक हसतील म्हणून आपण गप्प बसतो. जस्टिन हॉकिन्स लोक हसणार हे धरूनच चालतो, त्यांना हसायला चमचमतं कारण देतो, आणि मग गळा फुटेस्तोवर गातो. हसून झाल्यावर लोकांकडे ऐकण्याशिवाय काम उरत नाही.

गॅदरिंगच्या नावांची यादी कल्चरल सेक्रेटरीकडे आहे. माझं नाव दिलंय. फॉल्सेटो लागणार नाही, तरी लावणार आहे. ज्यांना खेचायचंय त्यांनी पुढच्या रांगेत बसावं, म्हणजे नीट ऐकू येईल!