पेटंटचा हक्क आणि औषधाचा भाव

आम्ही कापड बाजारातली माणसे. नवी डिझाइन दुकानात लावली की पंधरा दिवसांत तीच दुसऱ्याच्या मागावरून निम्म्या भावात निघते, हा अनुभव आमच्यापैकी कोणाला नाही? तेव्हा नवे औषध शोधणाऱ्याने आपल्या मेहनतीला कुंपण मागितले तर आम्ही त्याला वावगे म्हणणार नाही. त्याची कैक वर्षे जातात, पैसा जातो, आणि तयार गोळीची नक्कल मात्र जाणकार लवकर करतो.

पण कुंपण केवढे? १९७० च्या कायद्याने आपल्याकडे औषधाच्या कृतीला पेटंट होते, औषधाला नव्हते. म्हणजे कापड तेच, विणायची रीत वेगळी, तर हरकत नव्हती. याच सवलतीवर आपले औषध कारखाने वाढले. मुंबईच्या सिप्लाने २००१ मध्ये एड्सवरची तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली. बड्या कंपन्यांचा भाव तोवर दहा हजार डॉलरच्या आसपास होता. १ जानेवारी २००५ पासून ती सवलत संपली. आता औषधालाच अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे संरक्षण मिळते. (त्यातली बरीच वर्षे चाचण्यांतच जातात, ही कंपन्यांची तक्रार खोटी नाही.)

आमचे म्हणणे एवढेच की हक्क द्या, पण वाटेल तो भाव लावायची सनद देऊ नका. आमचा भाव चढा वाटला तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते. रोगी कुठे जाणार? बायर कंपनीचे नेक्साव्हर हे यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचे औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना पडे. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला. भाव आला नऊ हजारांच्या आत. बायरचे पेटंट कोणी हिसकावले नाही. नॅटकोच्या विक्रीवर तिला ६ टक्के ठरवून दिले. याला आम्ही सौदा म्हणतो, लूट नव्हे. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये तो परवाना कायम ठेवला.

पेटंट मिळून तीन वर्षे झाली की असा परवाना मागता येतो. तरी डासाटिनिबसाठीचा अर्ज २०१३ मध्ये फेटाळला गेला, कारण अर्जदाराने आधी पेटंटवाल्याकडे राजीखुशीने परवाना मिळवण्याचा नीट प्रयत्न केला नव्हता. सॅक्साग्लिप्टिनचा अर्ज २०१६ मध्ये गेला. आमच्या औषध कारखानदार भावांनी अर्जापूर्वीचा हा पत्रव्यवहार वकिलाकडून पक्का करून घ्यावा. कागद कच्चा राहिला तर भाव कितीही अवाजवी असला तरी उपयोग नाही.