वजाबाकीचे घड्याळ

बँकेच्या परकीय चलन विभागात मी होतो तेव्हा आमच्या भिंतीवर चार घड्याळे होती : मुंबई, लंडन, न्यूयॉर्क, टोकियो. वर्षातून दोनदा शिपाई स्टुलावर चढून लंडन-न्यूयॉर्कचे काटे तासभर पुढे-मागे करी. टोकियोला हात लावावा लागत नसे. पैसा वेळेत पोहोचावा, एवढाच त्या घड्याळांचा उद्देश.

निवृत्तीनंतर लेखनासाठी घेतलेल्या संगणकावर लिनक्स आहे. पडद्याच्या कडेला घड्याळांची पट्टी मांडायची तर 'कॉन्की' नावाचा छोटा प्रोग्रॅम पुरतो. एका साध्या फाइलीत ओळी लिहायच्या. शहर, अक्षर, रंग सारे आपल्या मर्जीचे. मी मात्र हिशेबी माणूस! मुंबईचे एकच घड्याळ लावले आणि खाली लिहिले, 'न्यू जर्सी : साडेनऊ तास वजा'. उन्हाळाभर ठीक चालले. दुपारी चारला फोन केला की मुलीकडे सकाळचे साडेसहा, तिची उठायची वेळ.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे तासभर मागे गेली. सोमवारी मी नेहमीसारखा चारला फोन लावला. तिकडे साडेपाच, बाहेर काळोख. तिचे पहिले शब्द, "बाबा, आई बरी आहे ना?"

आई शेजारी बसून भाजी निवडत होती. पण ज्या घरची मुले दूरदेशी आहेत, तिथे अवेळी वाजलेल्या फोनचा अर्थ एकच असतो.

त्या रात्री मी ती ओळ खोडली. संगणकात स्थळांच्या नावाने वेळांची एक सूची असते. कोणत्या देशाने घड्याळ कधी पुढे-मागे केले, याची नोंद जगभरचे स्वयंसेवक तिच्यात ठेवतात. अंतराचा आकडा नव्हे, गावाचे नाव लिहायचे. नियम यंत्र सांभाळते. गंमत म्हणजे तिथे मुंबई नाही. १९५५ पर्यंत प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे स्वतःची वेळ चालवणाऱ्या या शहराला कोलकात्याच्या नावाखाली बसावे लागते! पण पाटी आपल्या हाती असते. 'न्यूयॉर्क'च्या वेळेपुढे मी लिहिले, 'लेक'.

मोबाइलवर हे आयते मिळते, मग खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. मोबाइलमधले घड्याळ आठवण झाली तर आपण उघडतो. पट्टीवरचे न शोधता दिसते. आपल्या वेळेतून तास वजा केले म्हणजे दुसऱ्याचा दिवस कळतो, हा भ्रम आहे. त्याचा दिवस त्याच्या गावच्या नियमाने चालतो, आणि तो आपणच लक्षात ठेवायचा असतो.

आता सकाळी अकराला लिहिताना 'लेक'पुढे मध्यरात्र उलटलेली दिसते. काही सांगावेसे वाटले तरी हात आवरतो. ती झोपली आहे.